पहिल्या बार्जचा मान

“बाबल्याची होडी इली गो,” चहाची बशी तोंडाला लावता लावता मामा म्हणाले. “आज लवकर परतलो तो.”

मी पडवीच्या पायरीवर उभी राहून नदीकडे बघितलं. उन्हं नुकतीच वर आली होती, धुकं नव्हतं, पलीकडच्या काठावरची माडाची झावळंसुद्धा स्वच्छ दिसत होती. एक होडी धक्क्याकडे वळत होती. ती तांबडी होती आणि गणपतची होती. बाबल्याची निळी होडी आमच्या अंगणासमोरच्या वाळूत डांबर लावायला उपडी घातलेली होती, मामांच्या पाटापासून जेमतेम पंधरा पावलांवर.

आधी मला हसूच आलं. म्हटलं, म्हातारा झोपेत आहे अजून. मग आठवलं, दोन दिवसांपूर्वी विहिरीवर बाबल्याची बायको सांगत होती, गणपतचं इंजिन बसलं म्हणून तो आमचं घेऊन गेलाय. कान देऊन ऐकलं. डुगडुग बाबल्याच्याच इंजिनाची होती. हसू जिथल्या तिथे राहिलं.

“एकटोच आसा काय तो?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“एकटोच,” मामा म्हणाले.

होडीत गणपत आणि त्याचा भाऊ, दोघंही उभे होते.

मामा म्हणजे माझे सासरे, गुणाजी कोयंडे. घारवे बंदरात ते तांडेल होते, गलबतं चालवायचे. तेरई नदी समुद्राला मिळते तिथे मुखावर वाळूचा एक लांब दांडा आहे. पाण्याखाली असतो, दिसत नाही, आणि दर पावसाळ्यानंतर थोडाफार सरकतो. बंदरात वीस तांडेल होते, पण आत-बाहेर जाणाऱ्या मोठ्या गलबताला त्या दांड्यावरून काढून द्यायचा मान कोयंड्यांच्या घराकडे चार पिढ्या होता. मागच्या डोंगरावरचा चुन्याचा पांढरा पट्टा आणि किनाऱ्यावरचा दगडी खांब एका रेषेत धरून चालायचं. रेष सुटली की वाळूत. हे सगळं डोळ्यांचं काम होतं, आणि पडवीवरून मी त्या डोळ्यांकडे बघत होते. ते नदीकडे लागलेले होते, नेहमीसारखे शांत.

तो दिवस कुठला साधासुधा असता तरी चाललं असतं. मामांना म्हटलं असतं, चला, तालुक्याला डॉक्टरना दाखवू. पण धक्क्यावर परदेशी जाणारा माल घेऊन घारव्याची पहिली बार्ज भरून उभी होती. घाटावरच्या कारखान्याची साखर तीन आठवडे ट्रकांनी खाली उतरत होती. समुद्रात दोन मैलांवर आखाताकडे जाणारं मोठं जहाज नांगरून होतं. ही बार्ज नीट बाहेर पडली तर व्यापारी कंपनी इथे पक्का धक्का बांधणार, क्रेन आणणार, घाटावरचा सगळा माल मुंबईचा वळसा सोडून आमच्या नदीतून जाणार. गोव्याच्या हॉटेलांत कपबशा धुणारी आमच्या गावची पोरं घरी परतणार. आणि बार्ज दांड्यावर बसली तर जहाज उद्या निघून जाणार, साखर पाण्यात, आणि परत कुणी घारव्याचं नाव काढणार नाही. पौर्णिमेचं उधाण होतं. साडेअकराला भरती पूर्ण. त्याआधी दांडा ओलांडायचा म्हणजे साडेनऊला धक्का सोडायलाच हवा. एवढं पाणी परत पंधरा दिवसांनी मिळणार होतं.

हे मला तोंडपाठ होतं, कारण मी बंदर कचेरीत कारकून होते. आणि ती नोकरी मला मामांमुळे मिळाली होती.

माझा नवरा दिनकर काविळीने गेला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. दहाव्याच्या दिवशी वाडीतल्या बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या. मामा दारात आडवे उभे राहिले. “माज्या सुनेच्या हाताक कोण हात लावतलो तेचो हात मी मोडतलंय,” एवढंच म्हणाले. मला मॅट्रिक करायला लावलं, कचेरीत चिकटवलं, केसांत अबोली माळायला लावली. वाडीत लोक त्यांना मागून हसत. समोर कुणाची छाती नव्हती.

तर अशा माणसाला काय विचारायचं आणि कसं? पांढरा सदरा घालून, टोपी नीट करून ते धक्क्याकडे निघाले. पावलं ओळखीच्या वाटेवर बरोबर पडत होती. मी मागून बघत राहिले, आणि मला आणखी एक गोष्ट आठवली.

मी धावतच कचेरी गाठली. कपाटातून तांडेलांच्या दाखल्यांची फाईल काढली. दर वर्षी प्रत्येक तांडेलाची डोळ्यांची तपासणी व्हायला लागते. तपासणी म्हणजे काय, तर मागच्या वर्षीचा कागद बघून मी नव्या कागदावर आकडे उतरवायचे, वीसच्या वीस कागदांचा गठ्ठा तालुक्याला न्यायचा, आणि डॉक्टर चहा पिता पिता सह्या करायचे. कुणाचा एक दिवस बुडत नाही, कुणाची एसटी चुकत नाही. तीन वर्षं असंच चाललं होतं. ‘कोयंडे गुणाजी विठू. दृष्टी : उत्तम.’ अक्षर माझंच होतं, आणि अक्षर चांगलं आहे म्हणून मला फार अभिमानही होता.

बंदर निरीक्षक पळसुलेसाहेब आत आले. कपाळावर घाम. ते पुण्याकडचे, घारव्यात दीड वर्षं काढलेली, आणि ह्या बार्जवर त्यांची बदली-बढती सगळं टांगलेलं.

“कोयंडेबाई, धक्क्यावर चला. पाव्हणे आलेत.”

“साहेब, मामांना दिसत नाही.”

त्यांना आधी कळलंच नाही. मी होडीची गोष्ट सांगितली. इंजिनाची सांगितली. ते खुर्चीत बसले.

“आत्ता सांगताय?”

“मला आत्ता कळलं.”

त्यांनी माझ्या हातातली फाईल ओढून घेतली, कागद चाळले. “हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“वीसही कागदांवर?”

“वीसही.”

त्यांनी फाईल मिटली. भिंतीवरचं घड्याळ साडेआठ दाखवत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, नीट ऐका. मी त्यांना डोळ्यांच्या कारणावरून थांबवलं तर तसं लिहून द्यावं लागेल. लिहिलं की हा दाखला खोटा ठरला. हा खोटा तर बाकीचे एकोणीसही खोटे. म्हणजे इस्माईलचाही खोटा. मग आज ही बार्ज कोण नेणार? मी?”

इस्माईल हा पैलतीरावरच्या मोहल्ल्यातला तांडेल. चाळिशीचा, घारीसारख्या डोळ्यांचा.

“इस्माईलला नुसतं सांगा ना, तू ने म्हणून.”

“सांगून बघितलं असतं. पण काल गमतीत विचारलं, तर कानाला हात लावले त्याने. म्हणाला, मान कोयंड्यांचा. गुणाजीकाकांनी आपल्या तोंडाने दिल्याशिवाय मी सुकाणूला हात लावणार नाही.” साहेब उठले, फाईल कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. “तुम्ही मला सकाळपासून भेटलेल्याच नाहीत. समजलं? आता त्यांना त्यांच्या तोंडाने नाही म्हणायला लावायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा.”

मला त्यांचा राग आला. आज वाटतं, राग कसला करायचा? मीच केलेला घोळ होता तो.

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. ढोल होता, झेंडूच्या माळा होत्या. कंपनीचा माणूस गॉगल लावून घड्याळ बघत होता. मामा बार्जवर सुकाणूच्या केबिनपाशी उभे होते आणि त्यांच्याभोवती वाडीतले दहा-बारा बाप्ये. पुढच्या टोकावर नारळ ठेवला होता. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

मामांना एकटं गाठणं शक्य नव्हतं. खालून हाक मारली असती तर चारचौघांत मी काय सांगणार होते? तेवढ्यात माझ्या डोक्यात एक विचार आला. तो सुचला याची मला तेव्हाही लाज वाटली, पण घड्याळ थांबत नव्हतं.

आमच्या बंदरातली रीत अशी. भरलेलं गलबत निघताना नदीला नारळ देतात. तो नारळ द्यायच्या आधी विधवेने गलबतावर पाऊल ठेवायचं नाही. आणि ती तांडेलाच्याच घरातली असली तर त्या तांडेलाने त्या भरतीला गलबत न्यायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं. पैलतीरावरच्या मोहल्ल्याला ही रीत लागू नव्हती. इस्माईल बिनधास्त नेऊ शकत होता. मामांचा मान जात नव्हता, डोळ्यांचा शब्द निघत नव्हता, कागद कपाटात राहत होते. जे काही जायचं ते माझंच जाणार होतं.

मी फळीवर पाय ठेवला.

“गो कुंदा! थांब, थांब!” कुणीतरी ओरडलं. ढोल थांबला. एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन मट्कन खाली बसली. मी तीन ढांगांत फळी ओलांडून बार्जवर उतरले. पायाखालचं लोखंड गरम होतं.

सगळे मामांकडे बघायला लागले. आता ते काय करतात?

आणि मामा हसले. मोठ्याने हसले.

“कुंदा इली? बरा झाला! माज्या घरातली लक्ष्मी इली. चल गो, तूय चल दांड्यापर्यंत. वाजवा रे ढोल!”

हे मी धरलंच नव्हतं. ज्या माणसाने माझ्यासाठी सगळ्या रीती लाथाडल्या, त्याला मी रीतीने अडवायला निघाले होते. बाप्ये एकमेकांकडे बघत होते, पण गुणाजी कोयंड्यांच्या पुढे बोलणार कोण? मामांनी माझ्याकडे हात केला. मी होते त्याच्या थोडा डावीकडे केला.

मी त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेलं.

“मामांनू, सकाळी इली ती गणपतची होडी. तेच्यार बाबल्याचा इंजिन आसा. बाबल्याची होडी आपल्या खळ्यासमोर उपडी पडलीहा.”

त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त खांद्यावरचा माझा हात त्यांनी धरला आणि इतका आवळला की बांगडी रुतली.

“कोणाक सांगलंस?” ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

“सायबांका.”

“मगे?”

“ते काय करूक शकणत नाय. कागद मीच लिवलेले. तुमी आपणहून सोडल्याशिवाय...”

“माका दांडो पाठ आसा, कुंदा. डोळे मिटून नेतलंय.”

“दांडो सरकता, मामांनू. तुमीच सांगलात माका.”

खाली कंपनीचा माणूस साहेबांना काहीतरी विचारत होता. साहेब आमच्याकडे बघत नव्हते. सव्वानऊ झाले असतील. मामांनी एकदा पाण्याकडे तोंड केलं. काय दिसत होतं त्यांना? नुसता उजेड असेल. मग त्यांनी माझा हात सोडला, दोन पावलं मागे सरकले, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले.

“ह्या रांडेचो पाय लागलो माज्या बार्जीक! नारळ देवच्या आदी! सांगून सांगून थकलंय, घरात बस म्हणान!”

कंपनीच्या माणसाने गॉगल काढून वर बघितलं.

“आज माज्या हातान नको,” मामा म्हणाले. आवाज आता खाली आला होता. “मगाशी हसलंय ता चुकला. रीत ती रीत. इस्माईल खंय आसा? इस्माईल, ये रे. मान तुका दिलंय. माज्या तोंडान दिलंय.”

इस्माईल गर्दीतून पुढे आला. मामांच्या पाया पडला. मामांनी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. मग ते फळीवरून खाली उतरले, एकटे, कुणाचा हात न घेता. मी पण उतरले. वाडीतल्या बायकांनी मला वाट करून दिली. ती वाट जरा जास्तच रुंद होती.

ठरवून आलेली होते मी. रीत मोडायची तर शिव्या पडणार, हे धरून चालले होते. पण त्या तोंडून तो शब्द ऐकायची तयारी केली नव्हती. मी कचेरीच्या मागच्या बाजूला जाऊन रडले. साडेनऊला भोंगा वाजला.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते सांगता येत नाही. साहेब वायरलेससमोर बसले होते आणि मी दारात. अकरा वाजले. सव्वाअकरा. साहेबांनी नखं कुरतडून बोटं लाल केली होती. साडेअकराला काहीच आलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, बसली. बसली वाळूत. अकरा चाळीसला खरखर झाली आणि इस्माईलचा आवाज आला, “भायर पडलंव, सायबानू. जाज समोर आसा.”

साहेबांनी टेबलावर डोकं टेकलं. धक्क्यावर ढोल सुरू झाला.

इस्माईल परत आल्यावर मला एकटीला म्हणाला, “ताई, दांडो ह्या पावसात दक्षिणेक सरकलो हा. खुणेच्या रेषेत गेलंय असतंय तर बसलंय असतंय. पाणी पिवळा दिसला म्हणान भायरसून वळवलंय.” त्याला काय कळलं होतं, काय नव्हतं, मी विचारलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

संध्याकाळी मामा पडवीवर बसले होते. जेवायला या म्हटलं तर उठले नाहीत.

“उद्या सगळ्यांका सांगतंय,” ते म्हणाले. “माका दिसणा नाय म्हणान. तुका मी काय बोललंय ता माज्या कानातसून जाणा नाय.”

मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं. सगळ्या आयुष्यात एवढं एकच वाक्य परत मिळालं तर बदलेन. पण मला कपाटातले वीस कागद दिसत होते. नोकरी गेली तर मी काय करणार होते? परत पडवीवर बसून बांगड्या मोजणार? मी म्हटलं, “नको मामांनू. झाला ता झाला. बंदर रवला ना?”

“रवला,” ते म्हणाले.

त्या आठवड्यात साहेबांना सांगून मी वीसही तांडेलांना तालुक्याला नेलं आणि प्रत्येकाचे डोळे समोर उभं राहून तपासून घेतले. मामांनी ‘वय झालं’ म्हणून दाखला परत केला. पुढे सहा वर्षं ते जगले. मला रोज ‘गो बाय’ म्हणून हाक मारायचे. त्या दिवसाचं पुन्हा बोलले नाहीत, मीही नाही.

बंदर मात्र वाढलं. कंपनीने शब्द पाळला. पक्का धक्का झाला, दोन क्रेन आल्या, साखरेमागून गूळ, काकवी, चिरा जायला लागला. आफ्रिकेतून कच्चा काजू यायला लागला आणि त्याच्यावर आमच्या तालुक्यात सात कारखाने उभे राहिले. पोरं गोव्याहून परतली, काहींनी ट्रक घेतले, घाटातल्या रस्त्याला तीन पेट्रोल पंप झाले. मंत्री येऊन ‘राज्याच्या प्रगतीचं दार’ असं भाषण करून गेले. टाळ्या मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला होता.

मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. मागच्या माघात कसल्याशा कागदासाठी धक्क्यावर गेले होते. तिथे स्नेहल मेथर उभी होती. सव्वीस वर्षांची. नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला, दोन वर्षं झाली. एजंटच्या कचेरीत तिला नोकरी आहे, माल चढला की बार्जवर जाऊन सील तपासायची. हातात फाईल, डोक्यावर पिवळं हेल्मेट. पण ती खालीच उभी होती आणि वर दुसराच कुणी पोरगा सील तपासत होता.

“वर का नाही जात गं?” मी विचारलं.

मुकादम मध्ये पडला. “नारळ देवचो आसा अजून, आजी. तुमका तर सगळ्यांपेक्षा जास्ती म्हायत. गुणाजी तांडेलान इतक्या मोठ्या मानावर पाणी सोडल्यान, पण रीत पाळल्यान. म्हणान ती पयली बार्ज तरली. म्हणान ह्या बंदर उभा रवला. ह्या आमी पोरांका शिकयतंव.”

चाळीस-पन्नास माणसं काम करत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “त्यांना दिसत नव्हतं रे! माझ्या सासऱ्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी खोटे कागद लिहिले होते. ते झाकायला केलेलं नाटक होतं ते, रीत कसली?”

मुकादमाचा चेहरा बदलला. “आजी,” तो म्हणाला, “मेलेल्या माणसाक आंधळो करू नकात. देवमाणूस होतो तो.” आणि तोंड फिरवून कामाला लागला.

मी स्नेहलचा हात धरला. “चल माझ्याबरोबर. मी पुढे होते.” आम्ही फळीपर्यंत गेलो. मी वर चढले आणि मागे वळून हात दिला. तिने एक पाय फळीवर ठेवला होता. तिने धक्क्यावरच्या माणसांकडे बघितलं, वरच्या क्रेनकडे बघितलं, आणि पाय मागे घेतला.

“नको आजी,” ती हळूच म्हणाली. “खरंच काही झालं तर?”